दावीद राजाचा अनुताप

हातून अपराध घडणें ही गोष्ट मनुष्यजातींत नित्याचीच आहे. पण घडलेला अपराध आपला आहे, असें कोणतीही सबब न जोडतां म्हणणें ही गोष्ट फार विरळा. अपराध उघडकीस आला म्हणजे मनुष्य घाबरतो, लाजतो, आणि क्वचित् त्यास खरोखरीचें दुःखही होतें. भय, लज्जा आणि अनुताप या तीन वृत्ति मुळांत भिन्न असल्या तरी बाहेरून सारख्याच दिसतात. तिन्हींत मान खालीं जाते, तिन्हींत डोळ्यांस पाणी येतें. मग खरा अनुताप ओळखावा कसा? हा प्रश्न सर्वच धर्मांपुढें आहे. ज्यू व ख्रिस्ती लोकांच्या धर्मग्रंथांनीं त्याचें उत्तर तत्त्वचर्चेनें न देतां मुख्यतः एका राजाच्या कथेनें दिलें आहे. त्या कथेचा परामर्श या लेखांत घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

बायबल हें नांव आमच्या घरांतून पुष्कळ काळ धर्मांतराच्या वादाशीं जोडलें गेलें, आणि त्यामुळें तो ग्रंथ वाचण्याचें बहुतेकांनीं टाळलें. वस्तुतः तें एक पुस्तक नसून अनेक पुस्तकांचा संग्रह आहे. त्याचा पूर्वभाग ज्यू लोकांचा असून तो बहुतांशीं हिब्रू भाषेंत आहे. उत्तरभाग ख्रिस्ती लोकांचा असून तो ग्रीक भाषेंत आहे. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनीं आयुष्याच्या उत्तरार्धांत या दोन्ही भाषांचा अभ्यास करून मुळावरून मराठी भाषांतर सिद्ध केलें. ज्या वृत्तीनें आपण महाभारतांतील आख्यानें वाचतों त्याच वृत्तीनें ही कथाही वाचावी, एवढीच वाचकांस विनंति.

कथा शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या अकराव्या व बाराव्या अध्यायांत आहे. दावीद हा इस्राएल लोकांचा सर्वांत थोर राजा; परंपरेनें त्याचा काळ ख्रिस्तपूर्व सुमारें १००० हा मानितात. मेंढपाळाचा मुलगा, पुढें योद्धा, पुढें राजा, आणि स्तोत्रें रचणारा भक्त अशी त्याची कीर्ति. वसंत ऋतु, म्हणजे राजांनीं युद्धास निघण्याचा काळ, आला होता. सैन्यानें अम्मोनी लोकांच्या राब्बा नगरास वेढा दिला होता. आजचें अम्मान शहर तें हेंच. राजा मात्र यरुशलेमांत राहिला. एके दिवशीं सायंकाळीं तो बिछान्यावरून उठून राजवाड्याच्या गच्चीवर फिरत असतां त्यास एक सुंदर स्त्री स्नान करितांना दिसली. ती बथशेबा, उरीया हित्ती नांवाच्या योद्ध्याची पत्नी. हें ठाऊक होऊनही राजानें तिला बोलावून आणविलें. कांहीं काळानें तिनें आपण गर्भवती असल्याचा निरोप धाडिला.

येथून पुढें एक पाप झांकण्यासाठीं दुसरें कसें करावें लागतें तें दिसतें. राजानें उरीयास रणांगणावरून बोलावून घेतलें, युद्धाची खबर विचारली, आणि घरीं जाऊन विश्रांति घेण्यास सांगितलें. हेतु हा कीं, मूल त्याचेंच ठरावें. पण उरीया घरीं गेला नाहीं. देवाचा कोश व सोबती उघड्यावर तंबूंत असतां आपण घरांतलें सुख भोगणें योग्य नव्हे, असें सांगून तो राजवाड्याच्या दारीं सेवकांत झोंपला. दुसऱ्या दिवशीं राजानें त्यास मद्य पाजून पाहिलें. तरीही तो घरीं गेला नाहीं. शुद्धीवर असलेल्या राजापेक्षां मद्य प्यालेला सेवक अधिक सदाचारी ठरला. मग राजानें यवाब सेनापतीस पत्र लिहिलें कीं, उरीयास घनघोर लढाईच्या तोंडीं ठेवावें आणि मागे हटून त्यास मरूं द्यावें. तें पत्र नेलें कोणीं? उरीयानेंच. आपल्याच मृत्यूची आज्ञा हातांत घेऊन तो विश्वासू मनुष्य रणांगणावर परतला आणि नगराच्या तटाजवळ पडला. त्याच्याबरोबर आणखीही कांहीं शिपाई मेले. राजानें सेनापतीस कळविलें कीं, या गोष्टीचें वाईट वाटून घेऊं नये. तरवार कधीं याला खाते, कधीं त्याला. बथशेबेनें पतीसाठीं शोक केला; सुतकाचे दिवस सरतांच राजानें तिच्याशीं विवाह केला; पुत्र झाला. लौकिकांत सर्व कांहीं सुरळीत दिसूं लागलें. या सबंध अध्यायांत कथाकार राजास एकही कठोर शब्द बोलत नाहीं. केवळ शेवटीं एका ओळींत, ही गोष्ट परमेश्वरास रुचली नाहीं, एवढें नमूद करितो.

विवाह होऊन पुत्र जन्मास येईपर्यंत कित्येक महिने लोटले. या काळांत राजाची सदसद्विवेकबुद्धि कोठें होती? जुन्या हिब्रू ग्रंथांत तिच्यासाठीं निराळा शब्द नाहीं. ‘हृदय’ हाच शब्द तें काम करितो. पूर्वीं एकदां, शौल राजा दावीदाच्या जिवावर उठला असतां, तो एका गुहेंत दावीदाच्या हातीं सांपडला होता. दावीदानें त्यास मारिलें नाहीं. त्याच्या वस्त्राचा केवळ कांठ कापून घेतला. आणि तेवढ्यानेंही दावीदाच्या हृदयास टोंचणी लागली, असें ग्रंथांत स्पष्ट म्हटलें आहे. वस्त्राचा तुकडा कापिल्यानें ज्याचें हृदय दुखलें त्याचें हृदय मनुष्य कापविल्यानें दुखल्याचा मात्र कोठें उल्लेख नाहीं! पहिल्या प्रसंगीं दावीद निराधार होता, दुसऱ्या प्रसंगीं तो राजा होता, एवढाच फरक. सत्तेनें विवेक नष्ट होतो असें नव्हे. पण तो निजतो. आणि निजलेला मनुष्य जसा स्वतःस जागें करूं शकत नाहीं, तसा निजलेला विवेकही बहुधा दुसऱ्याच्या हांकेनेंच जागा होतो.

ती हांक नाथान नांवाच्या संदेष्ट्यानें मारिली. राजास त्याच्या तोंडावर खुनी म्हणण्याचें त्यानें टाळिलें. न्यायासाठीं आणिलेलें प्रकरण सांगावें तशी एक गोष्ट त्यानें सांगितली. एका गांवीं एक श्रीमंत व एक गरीब असे दोघे होते. श्रीमंतापाशीं पुष्कळ गुरेंमेंढरें. गरिबापाशीं विकत घेऊन वाढविलेली एकच लहानशी मेंढी. ती त्याच्या मुलांबरोबर वाढली, त्याच्या घांसांतला घांस खाई, त्याच्या उराशीं निजे, त्यास ती लेकीसारखी होती. श्रीमंताकडे एक पाहुणा आला, तेव्हां आपल्या कळपास हात न लावतां त्यानें गरिबाची ती मेंढी हिसकून घेतली आणि तिचें मांस रांधून पाहुण्यास वाढिलें. गोष्ट ऐकून दावीद संतापला; असा मनुष्य मरणास पात्र आहे, आणि त्यानें मेंढी चौपट भरून द्यावी, असा निवाडा त्यानें तत्काळ केला. तेव्हां नाथानानें सांगितलें कीं, तो मनुष्य म्हणजे राजा स्वतःच होय.

ही युक्ति केवळ चातुर्याची नव्हे. दुसऱ्याच्या अपराधाचा न्याय करितांना प्रत्येकाचा विवेक जागा व निष्पक्ष असतो. स्वतःचें नांव आलें कीं तो वकील होतो. नाथानानें आधीं न्यायाधीशाकडून निवाडा घेतला आणि मग आरोपीचें नांव सांगितलें. बथशेबेस त्यानें दोषाचा एक शब्दही लाविला नाहीं, हेंही लक्षांत ठेवण्यासारखें आहे. त्याच्या दृष्टांतांत ती हिसकून नेलेली निरपराध मेंढी आहे.

राजाचें उत्तर मूळ हिब्रूंत अवघ्या दोन शब्दांचें आहे. आपण परमेश्वराविरुद्ध पाप केलें, एवढाच त्याचा अर्थ. या दोन शब्दांचें मोल समजण्यास शौल राजाची हकीकत शेजारीं ठेवावी लागते. अमालेकी लोकांचें सर्व कांहीं नष्ट करण्याची आज्ञा त्यास झाली होती. ती आज्ञा आजच्या वाचकास क्रूर वाटेल, आणि तें वाटणें योग्यच आहे. पण आमचा मुद्दा शौलाच्या उत्तराचा आहे. त्यानें शत्रूचा राजा व उत्तम मेंढरें राखून ठेविलीं, आणि शमुवेल संदेष्ट्यास मात्र, आपण आज्ञा पाळिली, असें सांगितलें. तेवढ्यांत मेंढरांचें बेंबें ऐकूं आलें. मग शौल म्हणाला कीं, तीं लोकांनीं यज्ञासाठीं राखिलीं. पुढें तो म्हणाला कीं, आपण पाप केलें खरें, पण लोकांच्या भीतीनें केलें. आणि शेवटीं, आपण पाप केलें, तरी वडील मंडळींसमोर शमुवेलानें आपला मान राखावा, अशी त्यानें याचना केली. पापाची कबुली देणारा हिब्रू शब्द दोघांच्याही तोंडीं एकच आहे. पण शौलाच्या कबुलीस ‘परंतु’ची शेंपटी आहे, दावीदाच्या कबुलीस ती नाहीं. शौलास पाप सुटावें असें वाटत नव्हतें, प्रतिष्ठा सुटूं नये असें वाटत होतें. अनुतापाची पहिली परीक्षा ही कीं, कबुलीनंतर पूर्णविराम येतो कीं ‘पण’ येतो.

आतां शब्दांकडे वळूं. आमचा ‘पश्चात्ताप’ शब्द मागाहून होणारा ताप, म्हणजे जळणें, सांगतो. हिब्रूंत या अर्थीं जो धातु योजितात त्याचा अर्थ ‘परतणें’ असा आहे. त्यावरून ‘तेशुवा’ म्हणजे परावर्तन हें नाम झालें. एका शब्दांत मनाची वेदना आहे, दुसऱ्यांत पायांची दिशा आहे. चुकीच्या वाटेवर बसून कितीही रडलें तरी घर जवळ येत नाहीं. उठून उलट चालावें लागतें. आमच्या ‘प्रायश्चित्त’ शब्दाचा विग्रह स्मृतिकार ‘प्रायः’ म्हणजे तप व ‘चित्त’ म्हणजे निश्चय असा करितात. तेथें ताप व परतणें हीं दोन्ही एकत्र आलीं आहेत, हें आम्हांस मोठें मार्मिक वाटतें. पापासाठींही हिब्रूंत तीन मुख्य शब्द आहेत: एकाचा मूळ अर्थ नेम चुकणें, दुसऱ्याचा वांकडेपणा, तिसऱ्याचा बंड किंवा द्रोह. स्तोत्रसंहितेंतील एकावन्नाव्या स्तोत्रांत हे तिन्ही आरंभींच येतात. नाथान आला त्या वेळचें दावीदाचें स्तोत्र, असें त्याचें शीर्षक आहे. त्याच्या शेवटच्या श्लोकांत यरुशलेमचे तट बांधण्याची प्रार्थना असल्यामुळें निदान तेवढा भाग तरी उत्तरकालीन असावा, असें अनेक पंडित मानितात. कर्ता कोणीही असो, त्यांत शुद्ध हृदय मागण्यासाठीं जें क्रियापद योजिलें आहे तें विलक्षण आहे. बायबलाच्या पहिल्याच वाक्यांत ईश्वरानें आकाश व पृथ्वी उत्पन्न केल्याचें सांगतांना जें क्रियापद येतें, तेंच हें. म्हणजे मळलेलें हृदय धुऊन घेण्यावर स्तोत्रकर्ता थांबत नाहीं. तें नव्यानें निर्माण व्हावें असें तो मागतो. मोठ्या पापानंतर डागडुजीनें भागत नाहीं, असा त्याचा भाव.

मग क्षमा झाली कीं नाहीं? झाली, नाथानानें त्याच क्षणीं तसें सांगितलें. पण क्षमेबरोबर फळ टळलें नाहीं. बालक आजारी पडलें; राजा सात दिवस उपाशी भुईवर पडून राहिला; सातव्या दिवशीं बालक गेलें. बापाच्या पापासाठीं निरपराध मुलानें कां मरावें, हा प्रश्न वाचकांच्या मनांत येईलच. तो त्या धर्मपरंपरेसही पडला आहे. यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकांत बापाचा दोष पुत्रानें भोगूं नये, असें आग्रहानें प्रतिपादिलें आहे.

पुढें दावीदाचा एक पुत्र अम्नोन यानें सावत्र बहीण तामार हिच्यावर बलात्कार केला. ऐकून राजा संतापला, पण त्यानें पुत्रास शिक्षा केल्याचें ग्रंथांत नाहीं. कोणत्या तोंडानें करणार? दोन वर्षांनंतर तामारेचा सख्खा भाऊ अबशालोम यानें अम्नोनाचा वध करविला, आणि कालांतरानें बापाविरुद्ध बंड करून तोही मारला गेला. दावीदानें मेंढीसाठीं चौपट भरपाईचा निवाडा दिला होता. ज्यू पंडितांनीं तो चौपट हिशेब त्याच्याच घरांत मोजून दाखविला आहे: बालक, अम्नोन, तामार व अबशालोम. घरांतील कर्त्या पुरुषाचें पाप झांकलें गेलें तरी त्याचा अधिकार आंतून पोखरला जातो, हें या भागांत जितकें स्पष्ट दिसतें तितकें क्वचितच कोठें दिसेल.

अनुतापानें दावीद साधु झाला, असेंही कथाकार म्हणत नाहीं. बंडाच्या वेळीं तो नगर सोडून अनवाणी निघाला असतां शौलाच्या घराण्यांतील शिमी नांवाचा मनुष्य त्यास रक्तपाती म्हणून शिव्या देत व दगड मारीत चालला. त्याचा आरोप शौलाच्या घराण्याविषयीं होता, उरीयाविषयीं नव्हता. तरी दावीदानें त्यास मारूं दिलें नाहीं. कदाचित् देवानेंच त्यास शाप देण्यास सांगितलें असेल, असें तो म्हणाला. हें खऱ्या अनुतापाचें फळ. पण तोच दावीद मरतेवेळीं, शिमीस सुखानें मरूं देऊं नये, असें शलमोनास सांगून गेला, हेंही ग्रंथानें लपविलें नाहीं. परतण्याची वाट एका दिवसांत सरत नाहीं.

दुःखानें जळणें आणि परतणें यांतील भेद ख्रिस्ती ग्रंथांत येशूच्या दोन शिष्यांच्या रूपानें पुन्हां येतो. यहूदा इस्कर्योतानें तीस रुपयांस गुरूस धरून दिलें. पेत्रानें त्याच रात्रीं, आपण त्यास ओळखत नाहीं, असें तीनदां सांगितलें. मत्तयाच्या वृत्तांताप्रमाणें यहूदास पस्तावा झाला, त्यानें पैसे मंदिरांत फेंकून दिले, निरपराधाचा घात केल्याची कबुलीही दिली, आणि जाऊन गळफास घेतला. पेत्र कोंबडा आरवतांच बाहेर जाऊन अत्यंत दुःखानें रडला. पण तो पुन्हां सोबत्यांत आला. योहानाच्या वृत्तांतांत येशू त्यास तीनदां प्रेमाविषयीं विचारतो व काम सोंपवितो; तीन नकारांस तीन होकार. यहूदाचें दुःख कमी होतें असें कोणीं म्हणावें? त्यास परतण्यासारखें दार आहे असें वाटलें नाहीं, एवढेंच. अपराध्यास निराशेंत लोटणारा ताप हा अनुतापाची पराकाष्ठा नसून त्याची वाट चुकणें होय.

येथें सर्वांत अवघड प्रश्न येतो. दावीदानें देवाची क्षमा मागितली, ती मिळाली; पण उरीयाचें काय? एकावन्नाव्या स्तोत्रांत तर अपराध केवळ देवाचाच झाला, अशा अर्थाची ओळ आहे. मेलेला मनुष्य क्षमा करूं शकत नाहीं, आणि त्याच्या वतीनें दुसरा कोणीही ती करूं शकत नाहीं. ज्यू धर्मशास्त्रानें हा प्रश्न टाळिलेला नाहीं. सुमारें इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथांत म्हटलें आहे कीं, योम किप्पूर या प्रायश्चित्तदिनानें ईश्वराविरुद्धचीं पापें फिटतात. मनुष्याविरुद्धचीं पापें त्या मनुष्याचें समाधान केल्यावांचून फिटत नाहींत. कोंकणांतील मराठीभाषी बेने इस्राएल लोक हाच दिवस, दारें मिटण्याचा सण अशा अर्थाच्या मराठी नांवानें, घराचीं दारें लावून उपवासानें पाळीत आले. बाराव्या शतकांतील थोर पंडित मैमोनिदीस याहून पुढें जातो. ज्याचा अपराध केला तो क्षमा मागण्यापूर्वींच वारला असेल, तर दहा माणसें बरोबर घेऊन त्याच्या थडग्याशीं जावें आणि तेथें देवाचा व त्याचा अशा दोघांचाही अपराध केल्याचें उघड बोलावें, असें त्यानें सांगितलें आहे. पूर्ण परावर्तन कोणतें, तेंही तो सांगतो: तीच संधि, तेंच सामर्थ्य पुन्हां असतां जो तें पाप करीत नाहीं त्याचें. आमच्या मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांतही पापाची जाहीर कबुली, अनुताप, आणि पुन्हां तसें न करण्याचा निश्चय यांवर असाच भर आहे.

दावीद उरीयाच्या थडग्याशीं गेल्याचें ग्रंथ सांगत नाहीं. पण तें काम ग्रंथानेंच केलें आहे, असें आम्हांस वाटतें. मागाहून लिहिलेल्या इतिहासाच्या पुस्तकांत राब्बाच्या वेढ्याची हकीकत आहे, मात्र बथशेबेची नाहीं. राजाच्या गौरवाखातर ती वगळली असावी. तरीही ज्यू लोकांनीं शमुवेलाचें पुस्तक टाकून दिलें नाहीं, दोन्ही राखिलीं. शमुवेलाच्या पुस्तकांत दावीदाच्या निवडक वीरांची यादी आहे; तींत शेवटचें नांव उरीया हित्ती याचें. राजांच्या पुस्तकांत दावीदाची प्रशंसा करितांना उरीयाच्या प्रकरणाचा अपवाद नांवानिशीं केला आहे. आणि हजार वर्षांनंतर मत्तयानें येशूची वंशावळ लिहिली तेव्हां शलमोनाची आई म्हणून बथशेबेचें नांव न घालतां ‘उरीयाची स्त्री’ असाच निर्देश केला. राजास क्षमा मिळाली, राज्य मिळालें, वंश मिळाला. पण त्या वंशाच्या पटावरून मारलेल्या मनुष्याचें नांव कोणीं पुसूं दिलें नाहीं. क्षमा म्हणजे विस्मरण नव्हे, हें याहून स्पष्ट कसें सांगावें?

आमच्या घरांतून खून होत नाहींत. पण पोरक्या पुतण्याचा हिस्सा हळूच आपल्या नांवें होतो. विधवा भावजयीचे दागिने ‘सांभाळण्यास’ म्हणून घेतले जातात ते परत येत नाहींत. सुनेवर केलेला अन्याय तिच्या मृत्यूनंतर तिच्याच स्वभावाच्या माथीं मारला जातो. अशा वेळीं वडील मंडळींस तोंडावर बोलण्याची रीत नाहीं, आणि वयाचा मान हाच अपराधाचा तट होऊन बसतो. देवपूजा चालते, एकादशी चालते, दानधर्मही चालतो. ज्याचा अपराध केला त्याच्यापुढें मात्र एक अक्षर उच्चारिलें जात नाहीं. शौलाचा मार्ग हाच: पाप कबूल, पण मंडळींत मान राहावा. दावीद राजा होता आणि नाथानास शिक्षा करणें त्याच्या हातीं होतें. तरी त्यानें तें ऐकून घेतलें. त्याच्या आयुष्यांतील हा विजय त्यानें जिंकलेल्या सर्व लढायांहून मोठा, असें आम्ही समजतों. ज्या घरांत नाथानास बोलतां येतें आणि वडिलांस ‘पण’ न जोडतां ऐकून घेतां येतें, त्या घरांत उशिरानें कां होईना, हिशेब चुकता होण्याची आशा आहे. आणि ज्याचा अपराध केला तो अजून जिवंत असेल, तर थडग्याशीं जाण्याची वेळ येईपर्यंत थांबूं नये.